बॉक्स जोडला की मशीन गप्प: पीडीपी-११ च्या बस केबलची दुखणी

पीडीपी-११ म्हणजे डीईसी (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीचा सत्तरच्या दशकातला कॉम्प्युटर. एकटं मशीन झकास चालतं. कन्सोलवरून पत्ता टाका, मेमरी वाचा, चार ओळींचा प्रोग्रॅम फिरवा, काही तक्रार नाही. मागून एक्स्पान्शन बॉक्सची, म्हणजे जादा कार्डांच्या डब्याची, चपटी केबल जोडली की सगळं गप्प. हे एकच दुखणं माझ्याकडे इतक्यांदा आलंय, की फोनवर समोरचा "दादा, काल रात्रीपर्यंत चालू होतं बघा" म्हणाला की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो, "आणि आज तुम्ही बॉक्स जोडला."

मी मूळचा फौंड्रीच्या लॅबमधला माणूस. ओतकामाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायचा, ठिणगी पाडायची आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते कागदावर छापून यायची वाट बघायची. तोवर भट्टीवाला दारात उभा. त्या आकडेमोडीला मागे पीडीपी जातीचं मशीन असायचं. स्पेक्ट्रोमीटर केव्हाच भंगारात गेले, पण त्या जातीची काही मशीनं इकडच्या हौशी लोकांनी सांभाळली. एक कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेडच्या माळ्यावर आहे, एक शाहूपुरीत, एक इचलकरंजीला मागाच्या कारखान्याच्या ऑफिसात. चौथं माझ्या घरी आहे. त्यावरून घरात जे बोलणं होतं ते इथं लिहीत नाही.

खालचं सगळं पीडीपी-११/३४ हे मॉडेल आणि तिची युनिबस, म्हणजे सीपीयू, मेमरी आणि बाकीची कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या सामाईक तारा, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. युनिबस १९७० साली ११/२० बरोबर आली, ११/३४ आलं १९७६ साली. क्यूबसवाल्यांसाठी (ही याच जातीच्या छोट्या मशीनांची बस) शेवटाकडे थोडं आहे.

लक्षणं: तुमचं कुठलं ते बघा

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं: केबल जोडून पॉवर दिली की कन्सोल काहीच ऐकत नाही, किंवा कुठलाही पत्ता वाचायला गेलं की 'बस एरर'चा दिवा लागतो. केबल काढून टर्मिनेटर (बसच्या टोकाला लागणारं कार्ड) परत जागेवर लावला की मशीन शहाण्यासारखं वागतं.

दुसरं: मशीन चालतं, पण बॉक्समधलं कार्ड सापडत नाही. ७७४४०० या पत्त्यावर आरएल११ डिस्क कंट्रोलर असायला हवा, तिथं वाचायला गेलं की एरर. प्रोग्रॅममधून गेलात तर व्हेक्टर ४ वर ट्रॅप, म्हणजे सीपीयू हातातलं काम सोडून त्या एररसाठी नेमलेल्या पत्त्याकडे उडी मारतो.

तिसरं: कार्ड सापडतं, त्याचे रजिस्टर वाचता येतात, लिहिता येतात, पण इंटरप्ट, म्हणजे कार्डाने सीपीयूला मारलेली हाक, येत नाही. किंवा इंटरप्ट येतो आणि डीएमए, म्हणजे कार्डाने सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीशी केलेली देवाणघेवाण, होत नाही.

चौथं: मेमरी टेस्टमध्ये नेहमी एकच बिट चुकतं. पाचवं: सकाळी चालतं, दुपारी अडकतं, किंवा उन्हाळाभर चालतं आणि आषाढात अडकतं. सहावं: मशीन आपोआप थांबून पुन्हा सुरू होतं. या सहाव्याचा केबलशी संबंध नाही असं सगळ्यांना वाटतं. असतो.

बसला दोनच टोकं असतात

हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. युनिबस म्हणजे ५६ सिग्नलच्या तारा. सीपीयूजवळ सुरू होतात, प्रत्येक कार्डाला शिवत जातात आणि शेवटच्या बॉक्सच्या शेवटच्या स्लॉटमध्ये संपतात. फाटे नाहीत. एक सुरुवात, एक शेवट, आणि दोन्हीकडे टर्मिनेटर.

उसाच्या सरीत पाणी सोडलेलं सगळ्यांनी बघितलंय. टोकाला बांध लागला की पाणी उलटं फिरतं आणि मागून येणाऱ्या पाण्यावर आदळतं. तारेतून धावणाऱ्या सिग्नलचंही तसंच. तार नुसतीच संपली तर सिग्नल टोकावर आपटून परत येतो, आणि मधल्या कार्डाला एकाच्या जागी दोन सिग्नल दिसतात. टर्मिनेटर म्हणजे टोकाची अशी जमीन, जी आलेलं पाणी जिथल्या तिथं पिऊन टाकते. बहुतेक तारांना १८० ओहम +५ व्होल्टकडे आणि ३९० ओहम ग्राउंडकडे, एवढाच त्याचा संसार. या जोडीमुळे तार मोकळी असताना सुमारे ३.४ व्होल्टवर उभी राहते, आणि कुठलंही कार्ड तिला खाली ओढून 'मी बोलतोय' असं सांगतं.

म्हणून सीपीयूच्या कार्डाला हात लावायच्या आधी दोन टोकं बघायची. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं नव्हतं. तीन रविवार सीपीयूच्या आयसी तपासत बसलो, आणि दोष होता बोटाएवढ्या एका कार्डाचा. ते पुढे येईलच.

पहिली तपासणी: दोन्ही बॉक्सना वीज आहे का

हसू नका. बॉक्स बंद ठेवून नुसती केबल जोडली तर काय बिघडतंय, असं चांगल्या चांगल्या माणसांना वाटतं. बिघडतं. बंद बॉक्सच्या टोकाचा टर्मिनेटर आता +५ कडे ओढत नाही, त्याचे १८० ओहमसुद्धा जवळपास ग्राउंडलाच गेल्यासारखे होतात. हिशोब करून बघा: मोकळ्या तारेवर ३.४ च्या जागी साधारण १.७ व्होल्ट उरतात. ही नेमकी अशी जागा आहे, जिथं समोरच्या आयसीला हा एक आहे की शून्य हे ठरवता येत नाही. शिवाय बंद बॉक्सचा पॉवर सप्लाय 'डीसी लो' ही तार खाली धरून बसतो. म्हणजे मशीनला तो सांगतोय, वीज गेली आहे, थांब.

दोन्ही बॉक्स एकाच पॉवर कंट्रोलरवर घ्या आणि एकत्र चालू-बंद करा. पंखा फिरतोय म्हणजे +५ आहे असं धरू नका. पंखा थेट मेनवर चालतो.

सहाव्या लक्षणाचं मूळही बहुतेक वेळा इथंच सापडतं. बॉक्सच्या सप्लायला मेनचा व्होल्टेज क्षणभर कमी मिळाला की तो 'एसी लो' ओढतो, सीपीयू व्हेक्टर २४ वर जातो आणि मशीन झोपून पुन्हा उठतं. उद्यमनगरच्या मशीनचं हेच होत होतं. शेजारच्या शेडमधली इंडक्शन फर्नेस सुरू झाली की दिवे मिणमिणायचे आणि त्याच क्षणी मशीन रीस्टार्ट. मालक दोन महिने केबल बदलत होता. चांगला सर्वो स्टॅबिलायझर घातला, विषय संपला.

दुसरी: टर्मिनेटर मोजा

आधी डोळ्यांनी, मग मीटरने. दोनच हवेत. सीपीयूजवळचा बहुतेक वेळा बूट कार्डाच्याच अंगावर असतो, एम९३१२ किंवा एम९३०१. दूरच्या टोकाला एम९३०२, जुन्या मशीनांत एम९३०.

चूक होते ती अशी. एकट्या मशीनमध्ये दूरचा टर्मिनेटर सीपीयू बॉक्सच्या शेवटच्या स्लॉटमध्ये असतो. बॉक्स जोडताना तो तिथून काढून नव्या बॉक्सच्या शेवटच्या स्लॉटमध्ये न्यायचा असतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी केबल लावायची असते. दोन्ही बॉक्सना आत आणखी बॅकप्लेन (कार्डं ज्यात खोचतात त्या स्लॉटच्या पाट्या) असले, की लोक केबलसाठी दुसरीच जागा शोधतात आणि टर्मिनेटर मध्येच राहतो. किंवा विकत घेतलेल्या बॉक्समध्ये आधीचाच एखादा कुठंतरी बसलेला असतो. तीन झाले की तार खाली ओढायला प्रत्येक ड्रायव्हर आयसीला सुमारे ६६ मिलिअँपिअर करंट गिळावा लागतो. दोन असताना ४४ लागतो, आणि त्या आयसीची ऐपत आहे ५० ची. मशीन लगेच मरत नाही, म्हणून हा दोष फसवा. थंडीत चालतं, तापलं की बिट गळायला लागतात.

मीटरने असं मोजा. सगळी वीज बंद, प्लग काढलेला, पाच मिनिटं थांबलेलं. बॅकप्लेनच्या पिनच्या बाजूने एसी१ आणि एसी२ या पिनमध्ये ओहम मोजा. एसी१ म्हणजे डेटाचं शून्य नंबरचं बिट, एसी२ म्हणजे ग्राउंड. साधारण ६० ओहम आले तर टर्मिनेटर दोन आहेत. १२० च्या आसपास आले तर एकच दिसतोय, म्हणजे दुसरा नाही किंवा मधली केबल तुटली आहे. ४० आले तर तिसरा शोधा. पाच पैसे खर्च नाही आणि अर्धं निदान हातात.

नुसता व्होल्टेज मोजून हे कळत नाही, कारण एक टर्मिनेटर असो की तीन, तार ३.४ वरच उभी असते. ओहमच मोजा. आणि पिन मोजताना सावध: डीईसीच्या अक्षरमालेत जी, आय, ओ, क्यू ही अक्षरं नाहीत. एफनंतर थेट एच येतो. इचलकरंजीच्या एका भावाने जी धरून मोजलं आणि मला सांगितलं की अर्धी बस ग्राउंडला शॉर्ट आहे.

तिसरी: केबल कुठं आणि कशी बसलीय

बीसी११ए केबलचं एक टोक सीपीयू बॉक्सच्या शेवटच्या स्लॉटमध्ये, ए आणि बी या ओळींत. दुसरं टोक नव्या बॉक्सच्या पहिल्या स्लॉटमध्ये, त्याच ओळींत. पहिला स्लॉट म्हणजे आत यायचं दार, शेवटचा म्हणजे बाहेर जायचं. मधे कुठंही नाही. ११/३४ च्या बॅकप्लेनमध्ये मधल्या स्लॉटच्या ए-बी ओळींची वायरिंग वेगळी आहे, तिथल्या काही पिनवर सिग्नलऐवजी सप्लायचे व्होल्टेज येतात. साधी केबल किंवा टर्मिनेटर तिथं घातला तर प्रश्न 'चालत का नाही' एवढ्यावर थांबत नाही. धूर येतो.

दिशा बघा. केबलच्या कार्डाची सुट्या भागांची बाजू शेजारच्या कार्डांसारखीच हवी. आणि मग दाबा. कार्ड बसल्यासारखं वाटणं आणि बसणं यात दोन मिलिमीटरचं अंतर असतं. वरून बघितलं तर शेजारच्या कार्डाच्या उंचीशी जुळलं पाहिजे. केबलचं ओझं कार्डाला एका बाजूने उचलत असेल तर तिला बॉक्सच्या पट्टीला नीट बांधा. बॉक्स रेल्सवर बाहेर ओढताना केबल ताणली जाते आणि टोक अर्धं वर येतं, हे मी स्वतः तीनदा केलंय.

चौथी: घमेलं हातोहात पोचतंय का

इथं जास्त वेळ द्या. तिसऱ्या लक्षणाचं आणि निम्म्या पहिल्या लक्षणांचं उत्तर इथं आहे.

बसवरच्या बहुतेक तारा सगळ्या कार्डांना समांतर जोडलेल्या असतात. पाच तारा मात्र तशा नाहीत: बीजी४ ते बीजी७ आणि एनपीजी. या परवानगीच्या तारा. सीपीयू म्हणतो, 'घे, बस तुझी', आणि ती परवानगी एका कार्डातून पुढच्या कार्डात अशी जाते. स्लॅब टाकताना घमेलं हातोहात जातं ना, तसं. ज्याला हवं तो ठेवून घेतो, बाकीचे पुढं देतात. मधला एक माणूस उठून गेला की घमेलं तिथंच अडलं.

रिकामा स्लॉट म्हणजे तो उठून गेलेला माणूस. त्याच्या जागी ग्रँट कंटिन्युइटी कार्ड लागतं. जी७२७ हे छोटंसं, डी ओळीत बसणारं, फक्त चार बीजी तारा पुढं नेतं. जी७२७३ सी आणि डी दोन्ही ओळींत बसतं आणि एनपीजीसुद्धा नेतं. छोटं जी७२७ मला अजिबात आवडत नाही. दोन मोठ्या कार्डांच्या मधून ते खाली घालताना बोटं सोलवटतात, आणि वाकडं किंवा उलटं बसलेलं वरून कळत नाही. माझे ते तीन रविवार यानेच खाल्ले. मिळालं तर जी७२७३ च घ्या.

जी७२७ वापरत असाल किंवा डीएमए न करणारं कार्ड असेल, तर एनपीजीची तार बॅकप्लेनवर सीए१ ते सीबी१ अशी वायर गुंडाळून पुढं नेलेली असायला हवी. आणि डीएमए करणारं कार्ड, म्हणजे आरएल११ सारखं, ज्या स्लॉटमध्ये घालाल तिथली ती वायर काढायला हवी. काढली नाही तर परवानगी कार्डाला वळसा घालून पुढं निघून जाते. रजिस्टर वाचता येतात, डिस्क फिरते, पण डेटा येत नाही, असं कुणी सांगितलं की मी आधी ही वायर विचारतो. उलटंही होतं: आरएल११ दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं, जुन्या स्लॉटची वायर परत घातली नाही, साखळी तुटली.

आता एम९३०२ चा स्वभाव. रांगेच्या टोकाला बसून, परवानगी कुणीच न घेता त्याच्यापर्यंत पोचली तर तो स्वतःच 'सॅक' देतो, म्हणजे 'मिळाली' असं ओरडतो. सीपीयू लटकू नये म्हणून ही सोय. पण साखळी मधे तुटली असेल तर तुटल्यापुढची तार आधार सुटून वर जाते, एम९३०२ ला वाटतं परवानगी आली, आणि तो कायमचा सॅक धरून बसतो. सीपीयू वाट बघत थांबतो. बाहेरून दिसतं ते एवढंच: बॉक्स जोडला, मशीन गप्प.

हे पकडायची माझी पद्धत अशी. मशीन थांबवलेलं, वीज चालू, मीटर व्होल्टवर. शेवटच्या स्लॉटकडून सीपीयूकडे येत प्रत्येक स्लॉटवर बीजीच्या पिन बघायच्या. डीके२ आत, डीएल२ बाहेर ही बीजी७ ची जोडी. डीएम२-डीएन२ बीजी६ ची, डीपी२-डीआर२ बीजी५ ची, डीएस२-डीटी२ बीजी४ ची. शांत असताना या तारा खाली असायला हव्यात. मागून येताना 'वर, वर, वर' आणि एकदम 'खाली' मिळालं की त्या दोघांच्या मधे भगदाड आहे. वीज बंद करून बीप घेत बसलात तर फसाल, कारण खऱ्या कार्डातून त्याच्या स्वतःच्या पातळीची तार गेटमधून जाते, तिथं बीप येणारच नाही. बीप फक्त कंटिन्युइटी कार्डावर विश्वासाचा. पिनच्या बाजूला वीज चालू असताना प्रोब घसरू देऊ नका. प्रोबच्या टोकाला इन्सुलेशनची नळी चढवा, फक्त एक मिलिमीटर धातू उघडा ठेवा.

साधा एम९३० हाताशी असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. एम९३०२ काढून तात्पुरता एम९३० लावा. कन्सोल एकदम जिवंत झाला तर दोष परवानगीच्या साखळीत आहे, पैज लावा. काम झालं की एम९३०२ परत.

पाचवी: काळं कापड

पांढरं सुती कापड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ओलं करून केबलच्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पुसा. आमच्याकडे ते कापड काळं निघतं. फौंड्रीच्या वाळूत कोळशाची पूड असते, ती हवेत उडते आणि सगळीकडे बसते. कोळसा म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज जाते. साधी धूळ संपर्क तोडते, ही धूळ नको तिथं संपर्क जोडते. त्यात पावसाळ्याचा ओलावा मिसळला की शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये गळती सुरू. आषाढात अडकणारी मशीनं मी आधी पुसतो, मग बाकीचं.

पॉलिशपेपर लावू नका. सोन्याचा थर नावापुरता असतो, एकदा घासला की खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या वर्षी ते हिरवं होतं. शाईचा खोडरबरही नको. बॅकप्लेनच्या कनेक्टरमध्ये काडी, सुई घालू नका, आतली पत्ती एकदा वाकली की ती सरळ करणं माझ्याही हाताबाहेरचं आहे. अल्कोहोलने पुसलेलं कार्ड पाच-सहा वेळा आत-बाहेर केलं की कनेक्टर बऱ्यापैकी साफ होतो. वीज बंद ठेवूनच.

सहावी: केबल स्वतः

बीसी११ए मध्ये १२० तारा: ५६ सिग्नल आणि ६४ ग्राउंड. दर सिग्नलच्या शेजारी ग्राउंड असल्याशिवाय या वेगाला सिग्नल एकमेकांत मिसळतात, म्हणून एवढ्या. त्यामुळे घरी हार्ड डिस्कच्या रिबनमधून जुगाड करायचा विचार सोडून द्या. चालल्यासारखं दिसेल आणि मग वर्षभर छळेल.

ही केबल घडीच्या जागी मोडते. चपट्या प्लास्टिकमधली तांब्याची पट्टी आतल्या आत तडकते, बाहेरून काही दिसत नाही. चौथं लक्षण, म्हणजे एकच बिट चुकणं, बहुतेक वेळा इथलं असतं. केबल सोडवून टेबलावर ठेवा, दोन्ही टोकांच्या त्याच पिनवर बीप घ्या, आणि बीप चालू असताना घडी हलक्या हाताने हलवा. बीप अडखळला की सापडलं. ५६ तारा म्हणजे तासाभराचं काम आहे, चहा आधी पिऊन घ्या. मग शेजारच्या तारांमध्ये शॉर्ट नाही ना तेही बघा.

शाहूपुरीच्या मशीनची गोष्ट याच जागची. २०१९ च्या महापुरात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा चौघांनी मिळून मशीन वरच्या मजल्यावर नेलं. केबली खालच्या फळीवरच राहिल्या. पाणी ओसरल्यावर धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवल्या, आणि दिसायला एकदम नव्यासारख्या. दोन वर्षांनी जोडल्या तर रोज वेगळं बिट चुकायचं. कार्डाला केबल जिथं सोल्डर केलेली असते तिथं प्लास्टिकच्या थरांमध्ये गाळाचं पाणी अडकून राहिलं होतं आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. अशी केबल दुरुस्त होत नाही. एक-दोन तारा टोकाशीच तुटल्या असतील तर पातळ वायरने जोडता येतात, मी जोडल्यात. त्याहून जास्त असतील तर दुसरी शोधा.

सातवी: व्होल्टेज, पण बॅकप्लेनवर

सप्लायच्या तोंडाशी नाही, कार्ड जिथं बसतात तिथं मोजा. एए२ वर +५ असतो. नव्या बॉक्समध्ये तो ४.७५ ते ५.२५ च्या आत हवा, सगळी कार्डं बसलेली असताना. मग दोन्ही बॉक्सच्या ग्राउंडमध्ये मीटर लावा. काही मिलिव्होल्टच्या पुढे फरक दिसला तर दोन्ही बॉक्सच्या सांगाड्यांना जोडणारी जाड ग्राउंड पट्टी सैल आहे किंवा कुणीतरी काढून ठेवली आहे. ती नसली की सप्लायचा परतीचा करंट केबलच्या बारीक ग्राउंड तारांतून जायला बघतो.

यानंतर डेटाच्या तारांवर एकेक करून व्होल्टेज बघा, मशीन थांबलेलं असताना. सगळ्या ३.४ च्या आसपास आणि एकच अर्ध्या व्होल्टवर असेल, तर ती कुणीतरी खाली धरून ठेवली आहे.

आठवी: लांबी आणि गर्दी

क्वचित कामाला येते. पूर्ण बसची लांबी, केबल आणि बॅकप्लेन धरून, ५० फूट म्हणजे साधारण १५ मीटरच्या आत, आणि बसवर २० लोडच्या आत. त्यापुढे बस रिपीटर लागतो. घरगुती मशीनला ही मर्यादा लागत नाही, पण गरज नसताना २५ फुटी केबल वेटोळं करून ठेवलेली मी पाहिली आहे. उलट, शेजारशेजारच्या दोन भरगच्च बॅकप्लेनमध्ये साधा एम९२० जोड लावून मशीन कुरकुरत असेल तर एम९२०२ लावून बघा. त्यात मुद्दाम दोन फूट केबल घातलेली असते, म्हणजे दोन्हीकडची गर्दी एका जागी साचत नाही.

नववी, आणि इथं बहुतेकांनी थांबावं

एखादी तार खाली धरलेली सापडली असेल तर बॉक्समधली कार्डं वीज बंद करून एकेक काढा, प्रत्येक जागी ग्रँट कार्ड घाला, आणि पुन्हा मोजा. जे काढल्यावर तार वर आली, त्या कार्डावरची बसशी बोलणारी आयसी, म्हणजे ट्रान्सीव्हर किंवा ड्रायव्हर, गेलीय. ८६४१ किंवा ८८८१ असा नंबर असतो. जुनी कार्डं दुहेरी-चौपदरी असतात, आणि आयसी उपसताना आतला पॅड उचकटला की कार्ड गेलं. पाय कापून एकेक पाय काढायची सवय हाताला नसेल तर हे काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही देऊ नका. त्याची गरम हवेची बंदूक वेगळ्या कामाची आहे.

क्यूबसवाल्यांसाठी एवढंच: टोकांचा नियम तोच, साखळीचा नियम तोच. रिकामा स्लॉट मधे सोडायचा नाही. एच९२७० सारख्या बॅकप्लेनमध्ये साखळी नागमोडी जाते, डावीकडून उजवीकडे आणि खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, त्यामुळे कार्डांचा क्रम वरून खाली असा सरळ धरला की घमेलं हमखास सांडतं.

कधी हात काढून घ्यायचा

पॉवर सप्लायचं झाकण उघडायची वेळ आली की. आत २३० व्होल्ट आहेत, आणि मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. +५ चा एच७४४ रेग्युलेटर २५ अँपिअर देतो. पाच व्होल्टने शॉक बसत नाही, पण तेवढा करंट अंगठीतून गेला तर अंगठी लाल होते. माझ्या डाव्या हाताच्या बोटावर त्याची गोल खूण आहे.

जळका वास आला, रेझिस्टर काळा पडलेला दिसला, सप्लाय सुरू होऊन लगेच बंद पडायला लागला, किंवा बॅकप्लेनवरची गुंडाळलेली वायर तुटलेली दिसली, तरी थांबा. ही यादी दोनदा पुरी करून दोष तोच राहिला तरी थांबा. तिसऱ्या फेरीत माणूस चांगली कार्डं बिघडवतो.

सप्लायसाठी जुन्या मशीनचा जाणकार लागत नाही. उद्यमनगरात सीएनसी ड्राइव्ह आणि वेल्डिंग रेक्टिफायर दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्यातल्या कुणाही अनुभवी माणसाला एच७४४ समजतो. रेग्युलेटर सुटा काढून न्या, आणि मशीनला परत जोडण्याआधी लोड लावून पाच व्होल्ट दाखवायला सांगा. बॅकप्लेन आणि ट्रान्सीव्हरचं काम मात्र ज्याने आधी केलंय त्यालाच द्या, मग तो पुण्याला असो की बेंगळुरूला. त्याला मशीन पाठवायच्या आधी एका कागदावर लिहा: कुठल्या स्लॉटमध्ये कुठलं कार्ड, टर्मिनेटर कुठं, एसी१ वर किती ओहम आले, कुठल्या स्लॉटला एनपीजीची वायर आहे. सोबत प्रत्येक स्लॉटचा फोटो. कागद बॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवा. वरून चिकटवलेला वाहतुकीत पडतो.